60 केल्विनवरून 20 केल्विनकडे

सकाळी 9. ट्रॉम्ब्याच्या ध्रुव अणुभट्टीच्या हॉलमध्ये शिरताना छातीवर किरणोत्सर्गाची मात्रा मोजणारा टीएलडी बॅज लावायचा आणि थेट डिफ्रॅक्टोमीटरच्या संगणकापाशी जायचं. रात्रभर चाललेली मोजणी संपलेली असते. आत व्हॅनेडियमच्या डबीत टर्बियम मँगनाइटची काही ग्रॅम काळी पावडर आहे. व्हॅनेडियम अशासाठी, की न्यूट्रॉनच्या आलेखात त्याची स्वतःची शिखरं जवळजवळ उमटतच नाहीत. आणि टर्बियम अशासाठी, की गॅडोलिनियम, युरोपियम, डिस्प्रोशियम ही त्याची भावंडं न्यूट्रॉन गिळून टाकतात.

रात्रीचं तापमान 60 केल्विन, म्हणजे उणे 213 अंश. या थंडीतही मँगनीजचे स्पिन, म्हणजे अणूंचे इवलेसे चुंबक, विस्कळीतच असतात. नवखे विद्यार्थी हा आलेख घाईने उरकतात, कारण त्यात चुंबकीय असं काही दिसत नाही. मला मात्र सर्वांत जास्त काळजी याच आलेखाची वाटते. टर्बियमच्या विस्कळीत स्पिनांमुळे आलेली पार्श्वभूमीची उतरंड यात दिसते, आणि पुढे येणारं प्रत्येक शिखर खरं की भास, ते याच्याशी ताडूनच ठरतं.

10 वाजता तापमान 35 वर लावलं.

"मॅडम, 35 दाखवतंय. सुरू करू?"

"थांब. ते थर्मामीटरचं झालं, पावडरचं नाही."

डबीत भरलेला हेलियम वायू पावडरची उष्णता बाहेर नेतो, पण सावकाश. अर्धा तास थांबून मोजणी सुरू केली.

दुपारी कँटीनमध्ये पटकन जेवण. मग 60 केल्विनच्या आलेखावर रिटव्हेल्ड पद्धतीने स्फटिकरचना बसवायची: अणूंच्या जागा, स्फटिकात पुन्हा पुन्हा येणाऱ्या पेशीची लांबी-रुंदी. हे काम कंटाळवाणं आहे, पण इथे ढिलाई झाली तर संध्याकाळचे सगळे आकडे डळमळतात.

3 वाजता 35 केल्विनच्या आलेखात बारा अंशांच्या कोनाच्या आसपास एक बारीक उंचवटा दिसू लागतो. 60 ला तिथे काहीच नव्हतं. चुंबकीय शिखरं लहान कोनांतच ठळक असतात, कारण स्पिन वाहणारे इलेक्ट्रॉन अणुकेंद्रासारखे बिंदूएवढे नसून पसरलेले असतात. शिखराच्या जागेवरून कळतं, की स्पिनांची लाट स्फटिकाच्या 'बी' अक्षावर सुमारे साडेतीन पेशींनंतर पुन्हा तशीच येते, पेशींच्या पूर्ण संख्येत बसत नाही. ही लाट 41 केल्विनच्या आसपास उभी राहते. हा उंचवटा कितीही वेळा पाहिला तरी मला तेवढाच आनंद होतो.

6 वाजता, 35 ची मोजणी पुरेशी झाल्यावर, रात्रीसाठी तापमान 20 वर. 28 केल्विनखाली हाच पदार्थ विद्युतध्रुवित होतो, हे किमुरा आणि सहकाऱ्यांनी 2003 साली दाखवलं. तिथे स्पिन नुसते लहानमोठे होत नाहीत, तर 'बी-सी' प्रतलात फिरत पुढे सरकतात. याला सायक्लॉइड म्हणतात. 7 केल्विनखाली टर्बियमचे स्पिनही स्वतःची वेगळी लय धरतात, ते उद्या.

रात्रीच्या आलेखात बारा अंशांचं शिखर वाढेल. पण शिखराची जागा लाटेची लांबी सांगते. स्पिन नेमके कुठे वळलेत ते तीव्रतांमधून काढावं लागतं, आणि पावडरमध्ये अनेक तीव्रता एकमेकींवर पडतात. सायक्लॉइडचा निकाल 2005 साली केन्झेलमान आणि सहकाऱ्यांनी एकसंध स्फटिकावर लावला. केवळ पावडरच्या आलेखावरून तो सिद्ध झाला असं कुणी प्रबंधात लिहिलं, तर मी ते मान्य करणार नाही.