सुटलेल्या गोळीचे उत्तरदायित्व

१९०७ साली कुमाऊँमधील चंपावत गावाजवळ जिम कॉर्बेट यांनी जी वाघीण मारली, तिने आधी नेपाळात आणि नंतर कुमाऊँत मिळून ४३६ माणसांचा बळी घेतला होता, ही हकीकत शिकारकथांच्या वाचकांना परिचित आहे. परंतु ती पडल्यानंतर तिच्या जबड्यात जे आढळले, त्याकडे आपले लक्ष जावे तितके जात नाही. तिच्या उजव्या बाजूचा वरचा सुळा निम्मा तुटलेला होता, आणि खालचा तर थेट हाडापर्यंत नाहीसा झाला होता. केव्हातरी कोणा शिकाऱ्याने झाडलेल्या गोळीची ती खूण होती, आणि त्या जखमेमुळेच आपले स्वाभाविक भक्ष्य मारणे तिला अशक्य होऊन ती माणसाकडे वळली, असा निष्कर्ष कॉर्बेट यांनी काढला. त्या शिकाऱ्याचे नाव कोणत्याही सरकारी दप्तरात नाही. नेम थोडा चुकला, जनावर निसटले, एवढेच मनाशी म्हणून तो घरी गेला असेल. त्याच्या त्या चुकीचा हिशेब मात्र शेकडो कुटुंबांनी चुकता केला.

मोठ्या श्वापदांच्या शिकारीसंबंधी रायफल कोणती निवडावी, नेम कोठे धरावा, मुलाच्या हाती बंदूक कोणत्या वयात द्यावी, असे अनेक प्रश्न चर्चिले जातात. परंतु हे सारे एकाच मूळ प्रश्नाच्या शाखा आहेत असे मला वाटते. तो प्रश्न असा, की चाप ओढल्यानंतर जे घडेल, त्याचे संपूर्ण उत्तरदायित्व पत्करण्यास हा मनुष्य सिद्ध आहे काय? कॉर्बेट यांचे बालपण आणि त्यांची शस्त्रे यांचा वृत्तान्त या दृष्टीने पाहिला, तर त्यातून शिकारविद्येचे एक सुसंगत शिक्षणशास्त्रच हाती लागते.

कॉर्बेट यांचा जन्म २५ जुलै १८७५ रोजी नैनिताल येथे झाला. वडील तेथील पोस्टमास्तर; जिमचे सहावे वर्षही पुरे झाले नव्हते तोच, १८८१ साली, ते वारले, आणि कुटुंबाचा भार थोरला भाऊ टॉम याच्यावर पडला. उन्हाळा नैनितालला आणि हिवाळा पायथ्याच्या कालाढूंगीला, असा या कुटुंबाचा परिपाठ असल्यामुळे वर्षातील काही महिने जंगल या मुलाच्या अंगणालाच लागून असे. न्यूमोनियाच्या जिवावरच्या दुखण्यात टॉमने त्याला एक बेचकी आणून दिली. बेचकीनंतर धनुष्यबाण आला, आणि धनुष्यबाणानंतर, पुष्कळ काळाने, बंदूक आली. हा क्रम यदृच्छेने घडला असला, तरी तो मोठा अर्थपूर्ण आहे. कारण बेचकीचा पल्ला तो किती, आणि एवढ्या पल्ल्यात पाखराला आणावयाचे म्हणजे त्याच्याजवळ जाता आले पाहिजे, त्याचा स्वभाव आणि त्याच्या सवयी ठाऊक असल्या पाहिजेत, पायाखाली वाळले पान वाजता कामा नये. अल्पसामर्थ्याचे हत्यार हाती असले, म्हणजे उणीव ज्ञानाने भरून काढावी लागते.

पुढे पक्ष्यांचे नमुने जमविण्याच्या बदल्यात एका पक्षिअभ्यासकाने त्याला ठासणीची एक जुनी दुनळी बंदूक दिली. तिची उजवी नळी फाटलेली, आणि दस्ता पितळी तारेने आवळून बांधलेला. म्हणजे नावाला दुनळी, पण कामास एकच नळी. ठासणीच्या बंदुकीत दारू, बोळा आणि छर्रे क्रमाने नळीत ठासावे लागतात, आणि हे सारे उरकेपर्यंत सावज काही थांबत नाही. अशा बंदुकीने पोराला जे शिकविले, ते कोणत्याही गुरूला शिकविता आले नसते: बार एकच आहे, तो उडविण्यापूर्वी विचार कर.

या शिक्षणात टॉमइतकाच वाटा कुंवरसिंहाचा होता. चांदनी चौक नावाच्या खेड्याचा हा ठाकूर मुखिया त्या भागातील निष्णात चोरटा शिकारी होता. परंतु कायद्याच्या दृष्टीने गुन्हेगार असलेला हा मनुष्य अरण्याच्या बाबतीत मात्र अत्यंत शिस्तीचा होता. झाडावर चढता येत नसेल तर जंगलात पाऊल टाकू नये, हे त्याने मुलाला प्रथम बजावले. टॉमची रीत निराळी होती. अस्वलांच्या शिकारीला नेऊन त्याने या धाकट्या भावाला एका अरुंद घळीत एकट्यालाच बसवून ठेवले होते, आणि त्या वेळी त्या जिवाचा जो थरकाप उडाला, त्याचे वर्णन कॉर्बेट यांनी मोकळेपणाने केले आहे. भीती वाटणे ही लज्जेची गोष्ट नव्हे, हे जो लहानपणी शिकला, तो मोठेपणी फुशारकीपायी चाप ओढीत नाही.

आता शस्त्रांकडे वळू. शाळकरी वयातच कॉर्बेट यांच्या हाती लष्करी बनावटीची ‘४५० मार्टिनी’ आली. ब्रिटिश फौजेने १८७१ साली स्वीकारलेली ही एकबारी रायफल. तिची गोळी जड, धक्का खांदा दुखविणारा, आणि काळ्या दारूमुळे प्रत्येक बाराबरोबर धुराचा असा लोट उठे की गोळी कोठे लागली हे क्षणभर दिसत नसे. पुढे कॉर्डाइट ही जवळजवळ निर्धूम दारू आली आणि हा पडदा दूर झाला. चंपावतच्या वाघिणीमागे कॉर्बेट गेले ते ‘५०० कॉर्डाइट’ रायफल घेऊन, परंतु काडतुसे अवघी तीन! तिन्ही संपली आणि वाघीण समोर उभी, अशा वेळी त्यांना धावत जाऊन तहसीलदारांची बंदूक घ्यावी लागली, आणि ती तरी कशी, तर नळ्या आणि त्यांच्या मागचा ठोकळा यांच्यामध्ये फट पडलेली. तिनेच अखेर काम तडीस गेले. पण स्वतःच्या सिद्धतेतील ही उणीव त्यांनी लपविली नाही.

या कामगिरीबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्यूएट यांनी त्यांना ‘२७५ रिग्बी’ रायफल नजर केली. सुमारे ७ मिलिमीटर व्यासाची, सुमारे ९ ग्रॅम वजनाची ही गोळी आकाराने लहान, परंतु वेगवान आणि अचूक. रायफल वजनाला हलकी, म्हणून दिवसच्या दिवस डोंगर चढताना खांद्याला जड न होणारी. तिच्या जोडीला त्यांच्याजवळ जेफरी बनावटीची ‘४५०/४००’ दुनळी रायफल होती. तिची गोळी जवळपास तिप्पट वजनाची, आणि दुसरा बार काढण्यासाठी खटका मागे-पुढे करण्याची गरज नाही. झाडीतून वाघ दहा-पंधरा पावलांवर चालून येतो, तेव्हा या सोयीची किंमत प्राणाइतकीच असते. यावरून ध्यानी घ्यावयाचे ते हे, की सर्वांत शक्तिमान हत्यार तेच सर्वोत्तम, ही समजूत भ्रामक आहे. धक्क्याच्या भयाने शिकारी चाप ओढण्यापूर्वीच डोळे मिटू लागला, तर मोठी गोळी नुसती जखम करून जाते. आणि जनावराच्या देहमानास अपुरी पडणारी गोळी अचूक बसूनही तेच करते. ज्याच्या हातून जनावर एका गोळीत, यातनांवाचून पडेल, ते हत्यार त्या शिकाऱ्याला योग्य.

तरीही जनावर घायाळ होऊन निसटलेच, तर काय? मार्टिनीने आपला पहिला बिबट्या मारला तेव्हा कॉर्बेट कोवळ्या वयाचे होते. गोळी लागून बिबट्या नाहीसा झाला, आणि हा मुलगा रक्ताचा माग काढीत एकटाच त्याच्या मागे गेला आणि त्याने त्याला गाठून संपविले. एवढ्या लहान मुलाने असे करावे असे आज कोणी म्हणणार नाही, मीही म्हणत नाही. परंतु घायाळ जनावर मागे सोडून घरी जावयाचे नसते, हा धर्म त्याला तेवढ्या वयात कळला होता.

हाच धर्म आज नॉर्वेसारख्या देशात कायद्याच्या कलमांत उतरला आहे. तेथे शिकाऱ्याला परवान्यासाठी परीक्षा द्यावी लागते. मोठ्या श्वापदांची शिकार करावयाची असेल, तर दर वर्षी शंभर मीटरवरच्या लक्ष्यावर पाच गोळ्या अचूक लावून दाखवाव्या लागतात. आणि एल्क जातीच्या प्रचंड हरणाच्या शिकारीला निघताना, घायाळ जनावराचा माग काढणाऱ्या प्रशिक्षित कुत्र्याची तजवीज आधीच केलेली असावी लागते. मुलांना चौदाव्या वर्षापासून लहान सावजाच्या आणि सोळाव्या वर्षापासून मोठ्या श्वापदाच्या शिकारीचे शिक्षण मिळू शकते, परंतु ते जाणत्या, जबाबदार माणसाच्या देखरेखीखालीच. कालाढूंगीला थोरला भाऊ जे करीत होता, तेच तेथे आता शासन करते.

आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचे दार बंद केले, आणि ते योग्यच केले. पुढच्याच वर्षी व्याघ्रप्रकल्पाचा आरंभ झाला तो कॉर्बेट यांच्याच नावाच्या राष्ट्रीय उद्यानातून, आणि पहिल्या नऊ प्रकल्पांत आपले मेळघाटही होते. परंतु बंदुकीबरोबर ती सारी विद्याही टाकून द्यावयाची काय? पाणवठ्यावरच्या चिखलात उमटलेला ठसा आजचा की कालचा, वानर कशाला भिऊन ओरडले, सांबराची हाक आणि भेकराचे भुंकणे काय सांगते, वारा आपल्याकडून वाहतो की आपल्याकडे, हे ओळखावयास परवाना लागत नाही. स्वतः कॉर्बेट यांनीही उत्तरायुष्यात रायफलीपेक्षा कॅमेरा अधिक जवळ केला, आणि शाळांतून मुलांना पशुपक्ष्यांच्या हाका काढून दाखवीत अरण्याची ओळख करून दिली. चंद्रपूर आणि मेळघाट या भागांत ज्यांच्या शेताच्या बांधावरून वाघ जातो, त्या मुलांना तर ही भाषा येणे हा त्यांच्या सुरक्षिततेचाच भाग आहे.

१९३० साली चौगडच्या नरभक्षक वाघिणीशी कॉर्बेट यांची अखेरची गाठ पडली, तेव्हा त्यांच्या उजव्या हातात रायफल होती आणि डाव्या हातात रातव्याची दोन अंडी, नुकतीच हौसेने उचललेली. एका कातळाला वळसा घालताच वाघीण अवघ्या आठ फुटांवर बसलेली दिसली. अंडी हातात असल्यामुळे त्यांना झटकन हालचाल करता आली नाही. एका हाताने रायफल अत्यंत सावकाश, कणाकणाने वळवावी लागली, आणि त्या सावकाशीमुळेच वाघिणीने झेप घेतली नाही, असे ते स्वतः मानीत. गोळी सुटली, वाघीण संपली. त्यानंतर परत जाऊन त्यांनी ती दोन्ही अंडी होती तेथे ठेवली, आणि अर्ध्या तासाने त्या वाटेने येताना पाहिले, तर रातवा त्यांवर बसलेला होता.