खुडूक कोंबडीच्या जागी

संगमनेरकडच्या एका ब्रॉयलर शेडमध्ये पिल्लं उतरून दिवस होत आला, की शेड सांभाळणाऱ्या वहिनी एकेक पिल्लू उचलून गळ्याखालची अन्नाची पिशवी बोटाने चाचपतात. मऊ आणि भरलेली लागली म्हणजे पिल्लाला खाद्य-पाणी दोन्ही सापडलं. टणक लागली तर पाणी पोहोचलेलं नाही. मग पिल्लाचे पाय गालाला लावतात. गार लागले की ऊब देणारा ब्रूडर खाली येतो.

या पिल्लांनी आई पाहिलेली नाही. गावठी कोंबडी खुडूक बसते, पिल्लं तिच्या पंखाखाली निघतात, तिच्यामागे उकिरडा उकरतात आणि आतड्याला हवे ते जिवाणू आपोआप मिळवतात. हॅचरीच्या स्वच्छ मशिनमधून आलेल्या पिल्लाचं आतडं मात्र जवळजवळ मोकळं असतं. एसटीत रुमाल टाकून जागा धरावी, तशी तिथे पहिली वस्ती कोणाची होते याला फार महत्त्व आहे. फिनलंडच्या नुर्मी आणि रांताला यांनी १९७३ साली मोठ्या कोंबडीच्या आतड्यातले जिवाणू पिल्लांना दिले, तेव्हा साल्मोनेलाला तिथे बस्तान बसवणं अवघड झालं.

प्रोबायोटिकची, म्हणजे उपयोगी जिवाणूंची, पावडर हेच काम करू पाहते. पण पुडीत जिवंत माल आहे, हे विसरून चालत नाही. त्यातला लॅक्टोबॅसिलस क्लोरीनच्या पाण्यात मरतो, म्हणून पुडी द्यायच्या दिवशी वहिनी टाकीत साधं पाणी भरतात. गोळी खाद्य बनवताना ८० अंशांच्या आसपास वाफ लागते. ती सोसतात बॅसिलस सबटिलिसचे बीजाणू. कंपनीशी करार असलेल्या शेडमध्ये खाद्य कंपनीचंच येतं. त्यात प्रोबायोटिक आधीच असेल, तर वेगळी पुडी कशाला? सुपरवायझरला आधी विचारावं.

युरोपीय संघाने वाढीसाठी खाद्यात अँटिबायोटिक घालणं २००६ पासून बंद केलं, आपल्याकडे २०१९ मध्ये कोलिस्टिन या अँटिबायोटिकवर बंदी आली. हे व्हायलाच हवं होतं. मात्र औषधाची जागा एकट्या पुडीने भरून निघत नाही. वहिनी जमिनीवरच्या तुसाची मूठ आवळून सोडतात: गोळा तसाच राहिला तर लिटर, म्हणजे तुसाचं अंथरूण, ओलं. ओल्या लिटरमध्ये आधी कॉक्सी हा आतड्याचा रोग येतो, आणि त्याने सोललेल्या आतड्यात क्लॉस्ट्रिडियम जिवाणू घुसतो. वहिनी विष्ठाही वाकून बघतात. घट्ट, वर पांढरी टोपी असली तर ठीक. फेसाळ, न पचलेल्या दाण्यांची दिसली, की पुडीकडे न वळता आधी पाण्याचं गळकं निपल शोधतात.