मेसमधील पहिले जेवण, पलटणीतील पहिला धडा

लष्करी अकादमीचे दीक्षान्त संचलन आपण दूरचित्रवाणीवर पाहतो. संचलन आटोपते, आई-वडील मुलाच्या वा मुलीच्या खांद्यावर तारे चढवतात आणि दुसऱ्या दिवशी त्या क्षणाची छायाचित्रे वृत्तपत्रांत झळकतात. त्यानंतर काही आठवड्यांनी हाच तरुण अधिकारी आपल्या पलटणीच्या मेसमध्ये एका लांबलचक टेबलापाशी अवघडून बसलेला असतो. तेथे पालक नसतात आणि छायाचित्रकारही नसतात. समोर चांदीची भांडी, दोन्ही बाजूंना वरिष्ठ अधिकारी आणि मनात एकच धास्ती, की काही चुकायला नको. ते जेवण त्याच्याच स्वागतासाठी असते. लष्करी परिभाषेत या सोहळ्याला ‘डायनिंग-इन’ म्हणतात.

वरकरणी हा सारा साहेबी थाट वाटतो. ज्या संस्थेचा संबंध रणांगणाशी, तिला काट्या-चमच्यांच्या या सोहळ्याची गरज का भासावी, असा प्रश्नही पडतो. त्याचे उत्तर असे, की अधिकारपद राष्ट्रपतींच्या नावाने मिळते. पलटण मात्र केवळ आदेशाने आपली होत नाही. सरकार खांद्यावर तारे देते, पलटण टेबलापाशी खुर्ची देते. या दोन गोष्टींमधले अंतर त्या रात्री ओलांडले जाते.

आधी लंगर, मग मेस

अनेक पलटणींत नव्या अधिकाऱ्याला मेसचे दार लगेच उघडत नाही. सुरुवातीचे काही दिवस त्याने बराकीत जवानांसोबत राहायचे, त्यांच्याच लंगरात जेवायचे, पहाटेच्या कवायतीपासून रात्रीच्या पहाऱ्यापर्यंत सारे त्यांच्याबरोबर करायचे, अशी प्रथा आहे. दक्षिणेतील किंवा ईशान्येतील तरुण मराठा पलटणीत आला, तर मराठीचे पहिले धडे त्याला तेथेच गिरवावे लागतात. कोणाच्या घरी शेतीचा वाद आहे, कोणाच्या बहिणीचे लग्न ठरले आहे, हे त्याला तेथेच कळते. ज्यांना उद्या आज्ञा द्यायची, त्यांचे ताट आधी पाहायचे, हा त्यामागील विचार. मेसमधील औपचारिक स्वागत त्यानंतरचे.

टेबलावरील शिस्त

त्या रात्री सर्व अधिकारी ठरलेल्या मेस-पोशाखात आधी बैठकीच्या दालनात जमतात. भोजन तयार असल्याची वर्दी मिळाली, की ज्येष्ठतेच्या क्रमाने आत जायचे. टेबलाच्या प्रमुख स्थानी त्या रात्रीचा अध्यक्ष बसतो. दुसऱ्या टोकाला ‘मिस्टर व्हाइस’ म्हणून ओळखला जाणारा उपाध्यक्ष असतो आणि हे काम प्रथेने कनिष्ठ अधिकाऱ्याकडे सोपवले जाते. राजकारण, धर्म आणि कचेरीतील कामकाज हे विषय टेबलावर वर्ज्य मानले जातात. राष्ट्रपतींच्या नावाचा पेला उंचावला जाईपर्यंत कोणी जागेवरून उठत नाही.

तो क्षण जेवणाच्या अखेरीस येतो. पेले भरले जातात, अध्यक्ष उभा राहून राष्ट्रपतींचे नाव उच्चारतो आणि दुसऱ्या टोकाचा कनिष्ठ अधिकारी सर्वांना उद्देशून त्याचा पुनरुच्चार करतो. बँडवर राष्ट्रगीताची धून वाजते; पण ती पूर्ण ५२ सेकंदांची नव्हे, तर पहिल्या आणि अखेरच्या ओळींची, सुमारे २० सेकंदांची. राष्ट्रगीताविषयीच्या सरकारी आदेशांत ही संक्षिप्त धून मेसमधील अशाच प्रसंगासाठी सांगितलेली आहे. २६ जानेवारी १९५० पूर्वी येथे ब्रिटिश राजाचे नाव घेतले जात असे. विधी तोच राहिला, निष्ठेचे स्थान बदलले. प्रजासत्ताकाचा अर्थ इतक्या थोडक्यात सांगणारा प्रसंग विरळाच.

टेबलावरील चांदीकडेही लक्ष द्यायला हवे. पलटण सोडून जाणारे अधिकारी तिला चांदीची वस्तू भेट देतात आणि तिच्यावर नावे व वर्षे कोरलेली असतात. काही नावे सेनापतिपदापर्यंत पोहोचलेल्यांची असतात, काही परत न आलेल्यांच्या स्मरणार्थ. ही चांदी म्हणजे पलटणीची बखरच होय. नवा अधिकारी ती त्या रात्री जेवता जेवता वाचतो.

खडकीचे दोन सेकंड लेफ्टनंट

या बखरीत काय असते, हे समजून घेण्यासाठी पुणेकरांना लांब जाण्याचे कारण नाही. अभियंता कोअरचे मुंबई सॅपर्स हे केंद्र खडकीत आहे आणि कोअरच्या तरुण अधिकाऱ्यांना शिक्षण देणारे लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय जवळच दापोडीला. ‘सर्वत्र’ हे या कोअरचे ब्रीद आणि १८ नोव्हेंबर हा तिचा स्थापना दिन. मुंबई सॅपर्सचा इतिहास सांगताना दोन नावे टाळता येत नाहीत आणि पराक्रमाच्या वेळी ती दोन्ही सेकंड लेफ्टनंट या सर्वांत कनिष्ठ हुद्द्यावरील अधिकाऱ्यांची होती. तो हुद्दा आता भारतीय लष्करात उरलेला नाही. आजचा नवा अधिकारी थेट लेफ्टनंट होतो.

पहिले नाव प्रेमिंद्र सिंग भगत यांचे. १९४१ च्या जानेवारीअखेरीस अॅबिसिनियाच्या आघाडीवर माघार घेणाऱ्या इटालियन सैन्याने वाटेत सुरुंग पेरले होते. २२ वर्षांच्या भगत यांनी सलग ९६ तास काम करून ५५ मैलांच्या रस्त्यावरील १५ सुरुंगक्षेत्रे शोधून मोकळी केली. त्यांचे वाहन दोनदा सुरुंगाने उडाले, सोबतचे सैनिक गेले, कानाचा पडदा फाटला. पण दुसऱ्याकडे काम सोपवण्यास त्यांनी नकार दिला. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

दुसरे नाव राम राघोबा राणे यांचे. मूळचे कारवारकडील राणे १९४० मध्ये साधे सैनिक म्हणून मुंबई सॅपर्समध्ये भरती झाले आणि डिसेंबर १९४७ मध्ये अधिकारी झाले. म्हणजे बराकीचे आयुष्य त्यांना कोणी शिकवावे लागले नव्हते. चारच महिन्यांनी, ८ ते ११ एप्रिल १९४८ या काळात, त्यांनी नौशेरा-राजौरी मार्गावरील सुरुंग आणि अडथळे शत्रूच्या माऱ्याखाली दूर केले. पहिल्याच दिवशी ते जखमी झाले होते, तरीही ते रणगाड्यांच्या पुढे राहून काम करत राहिले. राजौरीची वाट मोकळी झाली. परमवीरचक्र स्वतःच्या हाताने स्वीकारू शकलेले ते पहिले वीर.

नव्या अधिकाऱ्याला स्वागताच्या रात्री सांगायचे असते ते हेच. तुझ्या हुद्द्याच्या माणसांनी, तुझ्याच वयाच्या आसपास, हे केले आहे. खुर्ची मिळाली ती त्यांच्या रांगेतली. हा सन्मान आहे तसे ओझेही आहे.

खुर्चीसाठीचा झगडा

ही खुर्ची भारतीयांना सहजासहजी मिळालेली नाही, हेही विसरून चालणार नाही. पहिल्या महायुद्धापर्यंत लष्करातील पूर्ण अधिकारपदे ब्रिटिशांकडेच होती. भारतीय सुभेदार कितीही अनुभवी असला, तरी त्याला ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये स्थान नव्हते. पुढे भारतीय तरुण सँडहर्स्टहून अधिकारी होऊन येऊ लागले, तेव्हा १९२३ मध्ये सरकारने भारतीयीकरणासाठी केवळ आठ पलटणी निवडल्या. ब्रिटिश अधिकाऱ्यांवर भारतीयांच्या हाताखाली काम करण्याची वेळ येऊ नये, हा त्यामागील अंतःस्थ हेतू होता. त्या आठांत एक मराठा पलटणही होती. १९३२ मध्ये डेहराडूनची अकादमी सुरू झाली, तेव्हा कोठे भारतीय अधिकारी देशातच घडू लागले.

दुसरा बदल स्त्रियांचा. वैद्यकीय सेवांपलीकडील शाखांत महिला अधिकारी १९९३ पासून दाखल होऊ लागल्या. १७ फेब्रुवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या कायम अधिकारपदाचा मार्ग मोकळा केला. जानेवारी २०२३ मध्ये अभियंता कोअरच्याच कॅप्टन शिवा चौहान यांची सियाचीनमधील कुमार ठाण्यावर नेमणूक झाली आणि मे २०२५ मध्ये खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून १७ मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. ‘जंटलमेन’ एवढ्या एका शब्दाने सुरू होणारे संबोधन आता पुरेसे राहिलेले नाही.

काय ठेवायचे, काय सोडायचे

वसाहतकालीन प्रथांचा फेरविचार तिन्ही दलांत सुरू झाला आहे. नौदलाने २०२३ मध्ये अधिकाऱ्यांनी हाती छडी बाळगण्याची पद्धत बंद केली आणि २०२४ मध्ये मेसमध्ये कुर्ता-पायजम्याला परवानगी दिली. स्वागतभोजनातीलही काही गोष्टी काळाच्या ओघात बदलतील. पोशाख बदलेल, पेल्यातील पेय बदलेल, काट्या-चमच्यांचा आग्रह कदाचित सैल होईल. त्याने फारसे बिघडणार नाही. कारण या प्रथेचा गाभा थाटात नाही. नवख्या माणसाला नाव घेऊन सामावून घेण्यात आहे. अधिकारी आणि जवान एकत्र बसून जेवतात तो ‘बडा खाना’ हे याच भावनेचे देशी रूप.

या प्रथेला जोडून आणखी एक जेवण असते. अधिकारी पलटण सोडून जातो तेव्हा त्याच टेबलावर त्याला निरोप दिला जातो. पहिल्या रात्री अवघडून बसलेला तरुण तेव्हा केस पिकलेला असतो. त्याने दिलेल्या चांदीच्या भेटवस्तूवर आता त्याचे नाव असते आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसलेला कोणी नवखा लेफ्टनंट जेवता जेवता ते वाचत असतो.