कृष्णधवल छायाचित्रातील कुंकू

समजा, एका घरातील आजींचे निधन झाले आहे. वर्तमानपत्रात निधनवार्ता द्यायची आहे आणि भिंतीवर लावण्यासाठी एक तसबीरही करून घ्यायची आहे. पण आजींचे स्वतंत्र छायाचित्र कोणी कधी काढलेलेच नाही. अखेर पुतणीच्या लग्नातील एक रंगीत छायाचित्र सापडते. त्यातून आजींचा चेहरा तेवढा कापून घेतला जातो. मागे मंडपाचे भडक कापड आणि कोणाचा तरी अर्धा खांदा दिसत असतो. ते डोळ्यांना खुपते, म्हणून फोटो स्टुडिओत सांगितले जाते, 'कृष्णधवल करून द्या.' काम अर्ध्या मिनिटात होते. चेहरा उजळ आणि नितळ आलेला असतो. सारे जण बरे म्हणतात; परंतु आजोबा छायाचित्र हातात धरून बराच वेळ पाहतात आणि विचारतात, 'हिच्या कपाळावरचे कुंकू कोठे गेले?'

कुंकू कोणी मुद्दाम पुसलेले नाही. स्टुडिओतील मुलाने त्याला हातही लावलेला नाही. तरीही ते गेले आहे, आणि ज्या घरात आजोबा हयात आहेत त्या घराला रिकाम्या कपाळाचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागत नाही. हे कसे घडले, ते पाहण्यासाठी रंगीत छायाचित्र आतून कसे असते, ते प्रथम समजून घ्यावे लागेल.

संगणकातील किंवा मोबाइलमधील छायाचित्र लहान लहान ठिपक्यांचे बनलेले असते. प्रत्येक ठिपक्यासाठी तीन अंक नोंदलेले असतात : लाल किती, हिरवा किती आणि निळा किती. प्रत्येक अंक 0 ते 255 यांच्या दरम्यान असतो. तिन्ही 0 असतील तर काळा रंग, तिन्ही 255 असतील तर पांढरा. कृष्णधवल छायाचित्रात मात्र प्रत्येक ठिपक्यासाठी एकच अंक पुरतो, कारण त्यात केवळ काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या करड्या छटा असतात. म्हणजे रंगीत छायाचित्र कृष्णधवल करायचे, याचा अर्थ तीन अंकांचा एक अंक करायचा. 'रंग काढून टाकले' असे आपण सहज म्हणतो. वास्तविक तेथे रंगांचा हिशोब होत असतो आणि तो हिशोब कोणत्या रीतीने करायचा, हे कोणीतरी ठरवलेले असते.

आजींच्या छायाचित्राचेच उदाहरण घेऊ. त्यांच्या गव्हाळ कपाळावरील एका ठिपक्याचे अंक लाल 190, हिरवा 130 आणि निळा 95 असे आहेत, असे मानू. कुंकवाच्या ठिपक्याचे अंक लाल 200, हिरवा 20, निळा 30. सर्वांत सोपी रीत सरासरीची. त्या रीतीने कपाळ 138 येते आणि कुंकू 83. कपाळावर कुंकवाचा गडद ठिपका स्पष्ट दिसतो. आता दुसरी रीत पाहा. हिरव्या व निळ्या अंकांकडे दुर्लक्ष करून केवळ लाल अंक घेतला, तर कपाळ 190 आणि कुंकू 200. या दोन छटांमधील अंतर डोळ्यांना जवळजवळ जाणवत नाही. आजींचे कुंकू येथे हरवले. केवळ हिरवा अंक घेतला असता, तर कपाळ 130 आणि कुंकू 20 आले असते. म्हणजे कुंकू जवळजवळ काळे, पण चेहराही गडद आणि प्रत्येक सुरकुती ठळक. छायाचित्र तेच, व्यक्ती तीच, आणि कपाळे तीन.

मग स्टुडिओत लाल अंकाचीच रीत का वापरली गेली असेल? कारण ती चेहऱ्याला 'चांगली' दिसते. माणसाच्या त्वचेत, मग ती गोरी असो वा सावळी, लाल अंक इतर दोन अंकांपेक्षा मोठा असतो. म्हणून लाल अंकावरून केलेले छायाचित्र त्वचा उजळ दाखवते. तांबूस डाग, पुटकुळ्या, बारीक रेषा त्यात विरून जातात. गिऱ्हाईक खूश होते. मला मात्र या सोयीच्या रीतीबद्दल नेहमीच शंका वाटत आली आहे. आपल्याकडे गोरेपणाचे आकर्षण काही थोडेथोडके नाही. जन्मभर आपल्या सावळ्या वर्णासह सुखाने जगलेल्या माणसाला भिंतीवर चढवताना गोरे करण्याचे कारण काय? हा प्रश्न छायाचित्रणाच्या पुस्तकात सहसा येत नाही, पण यंत्राची कळ दाबणाऱ्याने तो स्वतःला विचारायला हवा.

या दोन टोकांच्या मध्ये एक मान्य झालेली रीत आहे. माणसाचा डोळा सर्व रंगांना सारखाच प्रतिसाद देत नाही. पिवळसर हिरवा रंग त्याला सर्वांत उजळ वाटतो आणि निळा सर्वांत मंद. म्हणून लाल अंकाचे सुमारे 30 टक्के, हिरव्याचे 59 टक्के आणि निळ्याचे 11 टक्के घेऊन त्यांची बेरीज करतात. हे प्रमाण दूरचित्रवाणीतून आले आहे. रंगीत प्रक्षेपण सुरू झाले, तेव्हा जुने कृष्णधवल संचही चालू राहणे आवश्यक होते. भारतात 1982 मध्ये दूरदर्शनचे रंगीत प्रक्षेपण सुरू झाले, तरी त्यानंतर कितीतरी वर्षे असंख्य घरांत कृष्णधवल संचच होते. तेच प्रक्षेपण त्या संचांवर करड्या छटांत दिसत असे, ते याच प्रमाणाच्या आधारे. या रीतीने आजींचे कपाळ 144 येते आणि कुंकू 75. दोन्ही आपापल्या जागी राहतात.

पण ही रीतही निर्दोष नाही. गडद हिरव्या साडीला लाल काठ आहे असे समजा. काठाचा लाल अंक 255 आणि बाकीचे दोन 0. साडीचा हिरवा अंक 130 आणि बाकीचे दोन 0. वरील प्रमाणाने हिशोब करून पाहा. दोन्हींचे उत्तर 76 येते! जो काठ पाहून साडी पसंत केली, तो काठच छायाचित्रात साडीत मिसळून जातो. रंग वेगळे असले तरी त्यांचा उजळपणा सारखा असू शकतो, आणि कृष्णधवल छायाचित्राला केवळ उजळपणाच कळतो. जुने छायाचित्रकार विषय पाहताना डोळे किलकिले करून पाहत. त्यामुळे बारकावे पुसट होतात आणि उजेड-अंधाराची मांडणी तेवढी डोळ्यांत उरते.

हा प्रश्न संगणकाने निर्माण केलेला नाही, तो छायाचित्रणाइतकाच जुना आहे. छायाचित्रणाच्या पहिल्या काही दशकांत वापरल्या जाणाऱ्या रसायनांना निळा रंग तेवढा नीट 'दिसत' असे. परिणामी निळे आकाश कोरे पांढरे येई आणि तांबूस किंवा तपकिरी वस्तू प्रत्यक्षाहून कितीतरी काळ्या येत. तपकिरी त्वचेच्या माणसांवर हा अन्यायच होता. 1873 मध्ये हेर्मान फोगेल या जर्मन शास्त्रज्ञाला आढळले की, रसायनात विशिष्ट रंगद्रव्य मिसळले तर काच हिरव्या रंगालाही प्रतिसाद देते. सर्व रंगांना प्रतिसाद देणाऱ्या काचा 1906 च्या सुमारास बाजारात आल्या. चित्रपटांत तशी फिल्म रूढ होण्यास आणखी वीस वर्षे लागली. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' 1913 मध्ये प्रदर्शित झाला, तेव्हा चित्रपटांसाठी मिळणारी फिल्म लाल रंगाच्या बाबतीत जवळजवळ आंधळी होती. तांबडी वस्तू तीवर काळपट उमटे. त्या काळी नटांना चेहऱ्यावर दाट लेप द्यावा लागे, त्यामागे हेही एक कारण होते. छायाचित्र धुण्याच्या अंधाऱ्या खोलीत लाल दिवा का चालतो, याचे उत्तरही येथेच मिळते. कृष्णधवल छपाईच्या साध्या कागदाला लाल प्रकाश दिसत नाही.

फिल्मला सर्व रंग दिसू लागल्यावर छायाचित्रकारांनी भिंगासमोर रंगीत काचा धरायला सुरुवात केली. नियम सोपा आहे : काच आपल्या रंगाच्या वस्तू उजळ करते आणि विरुद्ध रंगाच्या वस्तू गडद. अमेरिकेतील अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांनी 1927 मध्ये योसेमिटी येथील हाफ डोम या प्रचंड कड्याचे छायाचित्र प्रथम पिवळी काच लावून घेतले. मग त्यांना वाटले की, यात आकाश कड्याइतके गंभीर येणार नाही. त्यांनी गडद लाल काच लावून पुन्हा छायाचित्र घेतले. निळे आकाश जवळजवळ काळे आले आणि त्यापुढे कडा उभा राहिला. अ‍ॅडम्स यांचे हे छायाचित्र पुढे जगभर गाजले. पण एक गोष्ट लक्षात घ्या : त्यांना काचेची निवड छायाचित्र घेण्यापूर्वी करावी लागली. आपल्याला ती नंतर, घरी बसून, हव्या तितक्या वेळा करता येते.

ती करण्यासाठी महागडे साधन लागत नाही. गिंप हा संगणकावर विनामूल्य मिळणारा प्रोग्राम आहे. त्यात 'मोनो मिक्सर' नावाची सोय असून तीत लाल, हिरवा व निळा यांचे प्रमाण आपल्या हाताने ठरवता येते. तिन्ही प्रमाणांची बेरीज 100 टक्के ठेवली, म्हणजे छायाचित्राचा एकंदर उजळपणा फारसा बदलत नाही. एक प्रमाण फार ताणू नये, विशेषतः निळ्याचे; मंद प्रकाशात काढलेल्या छायाचित्रांत निळ्या अंकांमध्येच दाणेदारपणा अधिक असतो आणि तो एकदम वर येतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मूळ रंगीत छायाचित्र तसेच जपून ठेवावे आणि बदललेले छायाचित्र वेगळ्या नावाने साठवावे. तीन अंकांचा एक अंक करता येतो, पण त्या एका अंकावरून मूळचे तीन अंक परत मिळत नाहीत. 'मुघल-ए-आझम' हा 1960 चा बहुतांशी कृष्णधवल असलेला चित्रपट 2004 मध्ये रंगीत करून प्रदर्शित झाला, तेव्हा करड्या छटांमागचे रंग अभ्यासाने आणि अंदाजाने भरावे लागले.

काही जण कृष्णधवल छायाचित्राला पुढे तपकिरी छटा देतात. तिला सेपिया म्हणतात. सेपिया हे समुद्रातील माकूळ जातीच्या एका प्राण्याचे ग्रीक नाव. तो संकटात गडद शाई सोडतो. तिच्यापासून चित्रकार तपकिरी रंग तयार करीत. छायाचित्रात मात्र ही छटा रसायनाने येई. कागदावरील काळी प्रतिमा ही चांदीच्या सूक्ष्म कणांची असते. ती प्रथम एका द्रावणात जवळजवळ पुसून टाकत आणि मग सल्फाइडच्या द्रावणात बुडवत, की तीच प्रतिमा तपकिरी होऊन परत येई. खोलीत सडक्या अंड्यांचा दर्प पसरे, तो वेगळाच. पण एवढा खटाटोप केवळ शोभेसाठी नव्हता. चांदीचे सल्फाइड शुद्ध चांदीपेक्षा हवेतील दूषित वायूंना अधिक टिकाव धरते. तपकिरी छायाचित्र म्हणजे जपून ठेवायचे छायाचित्र, असा त्याचा हिशोब होता.

आज एका कळीने येणाऱ्या तपकिरी रंगात हा टिकाऊपणा नाही. आहे तो जुनेपणाचा भास. तो आवडला तर जरूर वापरावा. घरगुती छपाईयंत्रावर करडे छायाचित्र कधी हिरवट, कधी जांभळट उमटते, तेव्हा किंचित तपकिरी छटा हा दोष झाकूनही टाकते. मात्र गेल्या वर्षीच्या छायाचित्राला तपकिरी करून त्याखाली पन्नास वर्षांपूर्वीचे साल घालणे ही फसवणूक होय.

खरोखरच जुने, डाग पडलेले छायाचित्र हाती असेल, तर एक युक्ती उपयोगी पडते. ते कृष्णधवल असले तरी स्कॅन करताना रंगीत म्हणूनच स्कॅन करावे. कागदावरचे पिवळे डाग निळ्या अंकांत काळे दिसतात आणि लाल अंकांत जवळजवळ दिसतच नाहीत. म्हणून येथे केवळ लाल अंक घेतले की, बरेचसे डाग आपोआप नाहीसे होतात. ज्या रीतीने आजींचे कुंकू पुसले, तीच रीत येथे पणजोबांचा चेहरा परत मिळवून देते.

आता आजींचे छायाचित्र पुन्हा करू. लाल 40 टक्के, हिरवा 40 आणि निळा 20 असे प्रमाण घेतले, तर कपाळ 147 आणि कुंकू 94 येते. त्वचा फार उजळत नाही, सुरकुत्या राहतात, पण कोरल्यासारख्या दिसत नाहीत. वर्तमानपत्रासाठी मात्र आणखी एक प्रत काढावी लागेल. त्या कागदावर शाई पसरते आणि जवळजवळच्या छटा एकमेकींत मिसळतात. म्हणून हिरव्याचे प्रमाण 60 पर्यंत वाढवून कुंकू थोडे अधिक गडद करावे. छापायला देण्यापूर्वी दोन्ही प्रती साध्या कागदावर काढून आजोबांना दाखवाव्यात.