नसलेली टेकडी

सेकंड इयरला सर्व्हेइंगच्या प्रोजेक्टमध्ये आमच्या ग्रुपने कॉलेजच्या ग्राउंडवर एक टेकडी उभी केली होती. खरीखुरी नाही हो, कागदावर! लेव्हलिंग करताना कुणीतरी स्टाफचं रीडिंग २.१४५ ऐवजी ०.१४५ लिहिलं. (हा 'कुणीतरी' म्हणजे मीच, आता सांगायला हरकत नाही.) रीडिंग दोन मीटरने कमी म्हणजे जमीन दोन मीटरने उंच! सॉफ्टवेअरने बिचाऱ्याने एकही प्रश्न न विचारता त्या पॉइंटभोवती छान गोल गोल कंटूर काढले. शीट इतकी देखणी झाली की आम्ही एकदम खूश. व्हायवाला सरांनी टेकडीवर बोट ठेवलं आणि शांतपणे विचारलं, "इथे तर गोलपोस्ट आहे ना?"

पुढे काय झालं ते सांगत नाही. पण आमच्याकडून नकळत झालेली ही चूक एका माणसाने मुद्दाम, अगदी ठरवून केली होती, हे नंतर वाचलं आणि जरा बरं वाटलं. त्याच्याबद्दल लिहिते. मी कॉन्व्हेंटवाली, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या.

जुआन फोंतकुबेर्ता हा बार्सिलोनाचा फोटोग्राफर. जन्म १९५५ चा, म्हणजे वाढला तो फ्रँकोच्या हुकूमशाहीत. पेपरात काय यायचं आणि काय नाही हे जिथे सरकार ठरवायचं, अशा देशात लहानाचा मोठा झालेला माणूस छापलेल्या फोटोवर डोळे मिटून विश्वास कसा ठेवणार? ऐंशीच्या दशकात त्याने 'हर्बेरियम' नावाची मालिका केली. जर्मन फोटोग्राफर कार्ल ब्लॉसफेल्टचं वनस्पतींच्या फोटोंचं पुस्तक १९२८ मध्ये खूप गाजलं होतं. त्याच थाटात याने चित्रविचित्र झाडांचे ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढले, त्यांना लॅटिनसारखी भारदस्त नावंही दिली. झाडं कसली? भंगार, प्लास्टिक आणि हाडं जोडून केलेला माल होता तो!

पण आपल्या कामाचा प्रोजेक्ट पुढचा. नाव 'ओरोजेनेसिस', म्हणजे पर्वतनिर्मिती. सुरुवात २००२ ची. पर्वत तयार व्हायला लाखो वर्षं लागतात हे आपण इंजिनीअरिंग जिऑलॉजीत घोकलंय. याने ते काम कॉम्प्युटरवर उरकलं.

नकाशावरून डोंगरदऱ्यांचं थ्री-डी दृश्य बनवणारं सॉफ्टवेअर असतं. सैन्याला लागतं, शास्त्रज्ञांना लागतं. त्याला द्यायचा डेटा म्हणजे आकड्यांची मोठी जाळी, प्रत्येक चौकोनात त्या जागेची उंची. हीच जाळी करड्या रंगाच्या चित्रासारखीही साठवता येते. पांढरं तेवढं उंच, काळं तेवढं खोल. मग पाण्याची पातळी ठरवा, सूर्य कुठे ते सांगा, ढग टाका, की झालं दृश्य तयार.

फोंतकुबेर्ताने काय केलं, नकाशाच्या जागी चित्रं दिली. टर्नर, सेझान, दाली यांच्या चित्रांचे तुकडे, स्टिगलिट्झ आणि वेस्टन यांचे फोटो. सॉफ्टवेअरला चित्र म्हणजे काय हे ठाऊकच नाही. त्याच्या लेखी जगात येणारी प्रत्येक गोष्ट नकाशाच! त्यामुळे त्याने इमानेइतबारे त्या रंगछटांचे डोंगर केले, दऱ्या केल्या, तळी केली. अगदी फोटोसारखे खरे वाटणारे. माणूस नाही, घर नाही, पायवाटसुद्धा नाही. २००५ मध्ये या चित्रांचं इंग्रजी पुस्तक आलं. त्याच्या नावाचा अर्थ होतो 'स्मृती नसलेली निसर्गदृश्यं'.

गंमत बघा. शाळेत 'निसर्गचित्र काढा' म्हटलं की आपण सगळे काय काढायचो? दोन डोंगर, मध्ये सूर्य, खाली नदी. मुंबईच्या बिल्डिंगमध्ये राहणारी मुलंही तेच काढायची, कारण डोंगर पाहण्याआधी आपण डोंगराचं चित्र पाहिलेलं असतं. त्या सॉफ्टवेअरचंही तसंच. सेझान द्या नाहीतर दाली द्या, ते डोंगर आणि पाणीच काढणार. त्याला तेवढंच शिकवलंय.

मला राहवेना. असलं एक फुकटचं सॉफ्टवेअर डाउनलोड केलं आणि आजीचा फोटो स्कॅन करून त्यात टाकला. आजी जाऊन दोन वर्षं झाली. तिचे पांढरे केस बर्फाची शिखरं झाले, गालावरच्या सुरकुत्या ओढे झाल्या. कपाळावरचं कुंकू काळपट आलं होतं, तिथे गोल तळं झालं. आई चहा घेऊन आली आणि स्क्रीनकडे बघत म्हणाली, "किती छान गं! कुठलं हे, मनाली का?"

मला काही बोलता आलं नाही. तिने सांभाळून ठेवलेलाच फोटो होता तो. एक आकडाही त्यातून गळला नव्हता, फक्त आजी गेली होती.

फोंतकुबेर्ताला बहुतेक हेच दाखवायचं असेल. यंत्र खोटं बोलत नाही. 'समोर आलेलं सगळं म्हणजे जमीन' एवढं एकच गृहीत त्याला दिलेलं असतं आणि ते शेवटपर्यंत पाळतं. आज तर एक ओळ टाइप केली की एआय हवं ते निसर्गदृश्य काढून देतं, तेही जगभरच्या चित्रांवरून शिकून. आउटपुट जितकं देखणं, तितकं आपण इनपुट तपासायला विसरतो. उद्या आपल्यापैकीच कुणीतरी अशाच कंटूर शीटवरून रस्ता आखणार आहे, धरण बांधणार आहे.

आमची टेकडी सरांनी कशी पकडली, हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता. उत्तर साधं आहे. ते रोज स्टँडपासून त्याच ग्राउंडवरून चालत येतात.