अनाथ म्हणण्यापूर्वी : आपत्ती, मुले आणि बालसंरक्षणाची व्यवस्था

आपत्तीनंतरच्या पहिल्या आठवड्यात सर्वांत घाईने वापरला जाणारा शब्द 'अनाथ' हा असतो. भूकंप, पूर, युद्ध किंवा साथ यांच्या बातम्यांत एकटे मूल दिसले की त्याचे आई-वडील गेले असे धरून चालले जाते आणि मदतीची पुढची दिशा या एका समजुतीवर ठरते. कोणी वसतिगृह उभारण्याची घोषणा करतो, कोणी दत्तक घेण्याची तयारी दाखवतो, कोणी मुलांना गाडीत बसवून सुरक्षित शहराकडे घेऊन जातो. या धावपळीमागची कळकळ बहुतेक वेळा खरी असते. तरीही गेल्या शंभर वर्षांचा अनुभव असा आहे की एकट्या दिसणाऱ्या मुलांपैकी फार मोठ्या संख्येचे आई, वडील, आजी किंवा मामा कोठेतरी जिवंत असतात, ती माणसेही त्याच मुलाला शोधत असतात, आणि मूल जितके दूर नेले जाते तितका हा शोध अवघड होत जातो. मुलांना हिंसा, शोषण, दुर्लक्ष आणि ताटातूट यांपासून वाचवणारे कायदे, माणसे, नोंदी आणि सेवा यांची एकमेकांशी जोडलेली रचना म्हणजे बालसंरक्षण व्यवस्था, आणि तिचे पहिले काम ही ताटातूट कायमची होऊ न देणे हे आहे.

संकटातील मुलांचा स्वतंत्र विचार पहिल्या महायुद्धानंतर सुरू झाला. युद्ध थांबल्यावरही मित्रराष्ट्रांची नाकेबंदी चालू राहिल्याने जर्मनी आणि ऑस्ट्रियातील मुले उपाशी मरत होती. शत्रूच्या मुलांनाही अन्न मिळाले पाहिजे, ही त्या काळी अप्रिय असलेली भूमिका घेऊन एग्लँटाइन जेब यांनी १९१९ मध्ये लंडनमध्ये 'सेव्ह द चिल्ड्रन' निधीची स्थापना केली. त्यांनी तयार केलेला पाच कलमांचा मसुदा राष्ट्रसंघाने १९२४ मध्ये जिनिव्हा घोषणापत्र म्हणून स्वीकारला आणि संकटकाळी मदतीचा पहिला हक्क मुलाचा, हे तत्त्व त्यातून मान्य झाले. मात्र या तत्त्वात मदत म्हणजे मुख्यतः अन्न, वस्त्र आणि निवारा होता. मुलाला त्याच्या माणसांपासून तोडणे ही स्वतःच एक इजा आहे, हे समजण्यासाठी दुसरे महायुद्ध यावे लागले. १९३९ च्या सप्टेंबरमध्ये बॉम्बहल्ल्यांच्या भीतीने ब्रिटनच्या शहरांतून लाखो मुले ग्रामीण भागात हलवण्यात आली. त्या काळात लंडनच्या हॅम्पस्टेड भागात युद्धकालीन बालसंगोपन केंद्रे चालवणाऱ्या अ‍ॅना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम यांच्या निरीक्षणात असे आले की लहान मुलांना बॉम्बच्या आवाजापेक्षा आईपासून दूर जाणे अधिक खोलवर हादरवते. जवळ आई असेल तर तळघरातील रात्रही मूल सोसू शकत होते.

याच महायुद्धाचा एक धागा महाराष्ट्रात येऊन पोहोचतो. सोव्हिएत राजवटीने पोलंडमधून सैबेरिया आणि मध्य आशियात हद्दपार केलेल्या कुटुंबांपैकी काही जण इराणमार्गे भारतात आले आणि १९४३ पासून कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत उभी राहिली, ज्यात प्रामुख्याने स्त्रिया आणि मुले होती. तिथल्या शाळा पोलिश भाषेत चालत, प्रार्थना त्यांच्या पद्धतीने होत, बालवीर पथकेही त्यांचीच होती. परक्या मुलुखात आलेल्या त्या मुलांची भाषा, सण आणि वडीलधारी माणसे त्यांच्यासोबत राहिली. १९४८ पर्यंत ही वसाहत टिकली आणि फाळणीनंतर त्याच जागेवर सिंधी निर्वासितांचे गांधीनगर वसले. बालसंरक्षणाची आजची परिभाषा त्या वेळी अस्तित्वात नव्हती, पण मुलांना समुदायासह आश्रय देण्याचे हे उदाहरण आजच्या कसोट्यांवरही मोठ्या प्रमाणात उतरते, आणि मराठी वाचकाने ते विसरू नये असे वाटते.

याच्या अगदी उलट चित्र १९७५ च्या एप्रिलमध्ये दिसले. सायगावचा पाडाव जवळ आला असताना अमेरिकेने 'ऑपरेशन बेबीलिफ्ट' या नावाखाली अडीच हजारांहून अधिक मुले विमानांनी व्हिएतनामबाहेर काढली. ४ एप्रिल रोजी पहिल्याच मोठ्या विमानाला अपघात होऊन ७८ मुले मृत्युमुखी पडली, तरी उड्डाणे चालू राहिली. यांतील अनेक मुले अनाथ नव्हती. व्हिएतनाममधील गरीब कुटुंबे अडचणीच्या काळात मुलाला अनाथालयात ठेवत आणि दिवस पालटले की परत नेत. पाश्चात्त्य नजरेला अनाथालयातील प्रत्येक मूल अनाथ वाटले. मुलांच्या मूळ कुटुंबांचा प्रश्न पुढे अमेरिकेतील न्यायालयात गेला, पण कागदपत्रे हरवलेली, नावे बदललेली आणि मुले नव्या घरांत रुळलेली होती.

या चुकांतून शिकलेले काम रवांडात दिसते. १९९४ च्या एप्रिल ते जुलै या काळात झालेल्या वंशसंहारात आणि त्यानंतरच्या पळापळीत सुमारे एक लाख मुले आपल्या माणसांपासून तुटली. सीमेपलीकडे गोमा येथील छावण्यांत तातडीने उघडलेल्या मुलांच्या केंद्रांबाबत एक विपरीत गोष्ट लक्षात आली : केंद्रात जेवण आणि औषध मिळते, बाहेर मिळत नाही, हे दिसल्यावर आई-वडील असलेली मुलेही केंद्रात सोडली जाऊ लागली. संरक्षणासाठी उघडलेली संस्थाच ताटातुटीचे कारण झाली. तेव्हा अन्न कुटुंबापर्यंत नेणे, अनोळखी मूल सांभाळणाऱ्या शेजाऱ्यांना आधार देणे आणि प्रत्येक मुलाची नोंद करणे या कामांवर भर वाढला. रेड क्रॉस, युनिसेफ आणि इतर संस्थांनी मुलांचे नाव, गाव, भावंडे आणि शेवटी कोणाबरोबर कोठे होते या गोष्टी नोंदवल्या. ज्या चिमुरड्यांना स्वतःचे नावही सांगता येत नव्हते त्यांची छायाचित्रे फलकांवर लावून लोकांना दाखवली. बीबीसीने त्याच वर्षी किन्यारवांडा आणि किरुंडी भाषांत सुरू केलेल्या कार्यक्रमाचे नाव 'गहुझामिर्यांगो', म्हणजे कुटुंबांना जोडणारा, असे होते आणि त्यावरून हरवलेल्या माणसांची नावे वाचली जात. आपत्तीच्या काळात एक अचूक लिहिलेले नाव किती मोलाचे असते, हे या कामाइतके स्पष्टपणे क्वचितच दिसले असेल.

या अनुभवातून २००४ मध्ये प्रमुख आंतरराष्ट्रीय संस्थांनी समान मार्गदर्शक तत्त्वे ठरवली आणि दोन संज्ञा वेगळ्या केल्या. आई-वडिलांपासून तुटलेले, पण कदाचित आजी, काका किंवा मोठ्या बहिणीबरोबर असलेले मूल म्हणजे 'ताटातूट झालेले मूल'; कायद्याने वा रूढीने जबाबदार असे कोणतेही प्रौढ माणूस जवळ नसलेले मूल म्हणजे 'एकटे पडलेले मूल'. दोघांपैकी कोणालाही तपासाविना अनाथ म्हणायचे नाही आणि कुटुंबशोध चालू असताना दत्तक प्रक्रिया सुरू करायची नाही, हा त्यामागचा नियम आहे. तो किती आवश्यक आहे हे हैतीने दाखवले. १२ जानेवारी २०१० च्या भूकंपानंतर त्याच महिन्याच्या अखेरीस दहा अमेरिकी नागरिक ३३ मुलांना कागदपत्रांशिवाय डॉमिनिकन प्रजासत्ताकात नेत असताना सीमेवर अडवले गेले आणि चौकशीत बहुतेक मुलांचे पालक जिवंत निघाले. शिक्षण मिळेल या आशेने पालकांनीच ती सोपवली होती. त्सुनामीनंतर इंडोनेशियाच्या आचे प्रांतातील बालगृहांतही हाच प्रकार आढळला होता. दारिद्र्याने केलेली ही ताटातूट शोधपथकाच्या नजरेतून सुटते, कारण मूल हरवलेले नसते, सोडलेले असते, आणि सोडणाऱ्याला दुसरा मार्ग दिसत नसतो.

मानवतावादी कार्यातील बालसंरक्षणाची किमान मानके २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली आणि २०१९ च्या सुधारित आवृत्तीत ती २८ आहेत. यांत 'प्रकरण व्यवस्थापन' या रूक्ष नावाची एक पद्धत आहे, जिचा अर्थ इतकाच की एका मुलाची जबाबदारी एका प्रशिक्षित माणसावर असावी, त्याने मुलाची गरज समजून घ्यावी, आरोग्य, शाळा, न्याय आणि निवारा या वेगवेगळ्या खिडक्यांपर्यंत मुलाला नेऊन पोहोचवावे आणि मूल सुरक्षित स्थिरावेपर्यंत पाठपुरावा सोडू नये. छावण्यांतील 'बालस्नेही जागा', म्हणजे खेळ आणि शिक्षणाद्वारे मुलांना दिनक्रम परत मिळवून देणारी केंद्रे, अधिक डोळ्यांत भरतात आणि देणगीदारांना आवडतात. पण अत्याचार झालेली किंवा कामाला जुंपलेली मुलगी तिथे ओळखू आल्यावर तिला पुढे कोणाकडे न्यायचे हे ठरलेले नसेल, तर त्या रंगीत तंबूने काम अर्धेच केले असे म्हणावे लागते.

भारतात या व्यवस्थेचा कायदेशीर पाया भक्कम आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार सशस्त्र संघर्ष, नागरी अशांतता किंवा नैसर्गिक आपत्तीची झळ पोहोचलेले मूल 'काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक' ठरते. असे मूल प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत बालकल्याण समितीसमोर आणावे लागते, चौकशीनंतर या समितीने मुक्त घोषित केल्याशिवाय ते दत्तक देता येत नाही, आणि संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय आहे असे तत्त्वही कायद्यात लिहिलेले आहे. याच्या जोडीला जिल्हा बाल संरक्षण कक्ष आहे, गावपातळीवर बाल संरक्षण समितीची तरतूद आहे, आणि १९९६ मध्ये मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या प्रकल्पातून सुरू झालेली १०९८ ही मदतवाहिनी आहे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला तेव्हा यातले फारसे काही नव्हते. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे दगावली, गावेच्या गावे दगडमातीच्या ढिगाऱ्यात गेली, आणि मुलांचा भार समाजाने उचलला. भारतीय जैन संघटनेने शांतिलाल मुथ्था यांच्या पुढाकाराने सुमारे १,२०० मुले शिक्षणासाठी पुण्याला आणली. राष्ट्र सेवा दलाच्या परंपरेतील पन्नालाल सुराणा यांनी भूकंपग्रस्त पट्ट्याजवळच, नळदुर्गला, 'आपलं घर' उभे केले. या कामांनी कित्येक मुलांना शिक्षण आणि छत्र मिळाले, त्याबद्दलची कृतज्ञता अबाधित ठेवूनही असे म्हणावे लागते की एखाद्या पिढीला असे कार्यकर्ते लाभणे हा योग असतो आणि मुलांचे संरक्षण योगावर सोडता येत नाही.

करोनाच्या काळात कायदा आणि यंत्रणा दोन्ही हाताशी होती. मे २०२१ मध्ये समाजमाध्यमांवर आई-वडील गमावलेल्या बाळांना 'घर हवे आहे' असे संदेश पसरले, तेव्हा जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने बेकायदा दत्तक व्यवहारांवर कारवाईचे निर्देश दिले. महाराष्ट्रात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली कृतिदले नेमली गेली, दोन्ही पालक गमावलेल्या मुलांच्या नावे पाच लाख रुपयांची मुदत ठेव जाहीर झाली. पण मोठा प्रश्न एक पालक गमावलेल्या मुलांचा होता, कारण कमावता बाप गेल्यावर आईजवळ मूल टिकवायचे तर तिच्या हातात दरमहा काही पडले पाहिजे. नातेवाइकांकडे किंवा एकल पालकाकडे असलेल्या मुलांसाठीची राज्याची बाल संगोपन योजना नेमके हेच करते आणि २०२३ मध्ये तिची रक्कम दरमहा २,२५० रुपये झाली. बालगृहाच्या इमारतीसारखी तिची कोनशिला बसत नाही. तरीही आपत्तीत कुटुंब एकसंध ठेवणारे याहून सरळ साधन दुसरे क्वचितच असेल, आणि म्हणून ती रक्कम वेळेवर पोहोचणे हा बालसंरक्षणाचा गाभ्याचा प्रश्न आहे.

दुष्काळासारखी सावकाश येणारी आपत्ती या चर्चेत मागे पडते. बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्यांची मुले एक तर फडावर जातात, नाही तर आजीकडे किंवा हंगामी वसतिगृहात मागे राहतात. मोठी होत आलेली मुलगी मागे ठेवायला धास्ती वाटते म्हणून तिचे लग्न उरकले जाते. इथे ना मदतछावणी असते ना शोधपथक, पण ताटातूट, शाळा सुटणे आणि बालविवाह हे तिन्ही धोके दर वर्षी ठरलेल्या महिन्यात येतात, त्यामुळे पूर्वतयारीला इतकी अनुकूल आपत्ती दुसरी नाही.

पूर्वतयारी म्हणजे काय, याचे उत्तर बऱ्याच अंशी रवांडातील त्या नोंदींमध्ये आहे. भूकंपात शाळा पडते तेव्हा हजेरीपटही तिच्याखाली जातो. आज महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांची नावे 'सरल' प्रणालीत आणि अंगणवाडीतील बालकांची 'पोषण ट्रॅकर'मध्ये असतात, म्हणजे गावातील जवळजवळ प्रत्येक मुलाचे नाव आपत्तीच्या आधीच कोठेतरी गावाबाहेर सुरक्षित असते. मात्र या नोंदी शिक्षण आणि पोषणासाठी आहेत, आणि पुराच्या रात्री मदतछावणीत बसलेल्या बाल संरक्षण अधिकाऱ्याला त्या पाहता येतील अशी वाट आधीच बांधून ठेवावी लागते. ही वाट कोणासाठी उघडी असेल आणि कोणासाठी बंद, हेही तितक्याच काटेकोरपणे ठरवले पाहिजे, कारण एकट्या पडलेल्या मुलांची यादी त्यांच्या आजीला जितकी हवी असते तितकीच ती मुलांचा व्यापार करणाऱ्यालाही हवी असते. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन आराखड्यात बोटी, रुग्णवाहिका आणि धान्यसाठ्याच्या तक्त्यांशेजारी या कामासाठी नेमलेल्या माणसाचे नाव आणि त्याच्या अनुपस्थितीत ते करणाऱ्याचे नाव लिहिण्यास एक ओळ पुरते.