फायरवॉलची विचारपूस

धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, भूम, परंडा, वाशी. आठ तालुक्यांच्या या जिल्ह्यात सहकारी बँकेची शाखा असो, सरकारी कार्यालय असो की महाविद्यालय, बाहेरची लाईन जिथे आत येते तिथल्या रॅकमध्ये बहुधा एक चपटा डबा असतो. तो फायरवॉल. केंद्राने राज्यव्यापी जाळ्यांची योजना मार्च 2005 मध्ये मंजूर केली, तेव्हा तालुक्यापर्यंत किमान 2 एमबीपीएस न्यायचं ठरलं होतं. ऑगस्ट 2018 मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सायबर हल्ल्यात 94 कोटींहून जास्त रक्कम गेली. त्याच वर्षी ऑक्टोबरात रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची चौकट आखून दिली. डबे बसवले गेले, पण त्यांची तब्येत रोज विचारायची सोय बहुतेकांना मागाहून सुचते.

ती सोय म्हणजे एसएनएमपी. ऑगस्ट 1988 मध्ये तिचा पहिला मसुदा आला. डब्यातल्या प्रत्येक गोष्टीला आकड्यांचा पत्ता असतो. 1.3.6.1.2.1.1.3.0 असं विचारलं की तो किती वेळ चालू आहे ते सांगतो, तेही सेकंदाच्या शंभराव्या भागात. हा आकडा 32 बिटांत मावतो, त्यामुळे साधारण 497 दिवसांनी पुन्हा शून्यावर येतो आणि दीड वर्ष न थांबलेलं यंत्र आत्ताच सुरू झाल्यासारखं दिसतं. एक जीबीपीएसच्या लाईनवर बाइट मोजणारा जुना 32 बिटांचा गणक तर 34 सेकंदांत भरतो. दर पाच मिनिटांनी विचारणाऱ्याला त्यातून काय कळणार? तिथे 64 बिटांचाच गणक घ्यायचा.

विचारणा होते 161 क्रमांकाच्या पोर्टवर. डबा आपणहून हाक देतो ती 162 वर, तिला ट्रॅप म्हणतात. ट्रॅपची पोच मिळत नाही, आणि जी लाईन तुटल्याची खबर द्यायची त्याच लाईनवरून तो निघतो. एकच लाईन असलेल्या शाखेतून ‘लिंक डाउन’चा निरोप सोलापूरला किंवा पुण्याला कसा पोहोचणार? म्हणून नुसत्या ट्रॅपवर विसंबून चालत नाही. विचारणाही हवी, आणि जमलं तर सिमकार्डवरची दुसरी वाटही.

विचारल्यावर उत्तर आलं नाही, तरी त्यावरून फारसं कळत नाही. लाईट गेली असेल, रस्त्याच्या कामात जेसीबीने फायबर तोडली असेल, किंवा खरोखरच कुणी आत शिरलं असेल. दूर बसलेल्याला तिन्ही सारखंच दिसतं. माझ्या मते आपल्याकडे अलर्ट लावताना पहिला विचार लाईटचा करावा, हल्लेखोराचा नंतर. यूपीएसला नेटवर्क कार्ड असेल तर त्यासाठी 1994 पासून ठरलेली पत्त्यांची यादी आहे: बॅटरीवर कधी गेला, किती मिनिटं उरली. हा निरोप आधी आला आणि मग डबा गप्प झाला, तर तो का गप्प झाला याचा अंदाज येतो. असा निरोप न येता गप्प झाला, तर मात्र लगेच फोन करायचा.

फायरवॉलवर एसएनएमपी चालू करणं म्हणजे तटबंदीला आणखी एक खिडकी पाडणं, हेही खरं. पहिल्या दोन आवृत्त्यांत ओळखीचा शब्द उघडाच प्रवास करतो, आणि कितीतरी ठिकाणी तो कारखान्यातून आलेला ‘पब्लिक’च राहतो. ऑगस्ट 2016 मध्ये ‘एक्स्ट्राबेकन’ नावाचं हत्यार चव्हाट्यावर आलं. हा शब्द ठाऊक असला की ते सिस्कोच्या एएसए फायरवॉलमध्ये एसएनएमपीच्याच वाटेने शिरायचं. तेव्हा तिसरी आवृत्ती घ्यावी, ओळख आणि गुप्तता दोन्ही चालू ठेवावी, फक्त वाचायची परवानगी द्यावी, आणि विचारणा एकाच सर्व्हरच्या पत्त्यावरून स्वीकारावी. बाहेरच्या पोर्टवर ही सोय उघडीच ठेवू नये.

मग मर्यादा ठरवायच्या. शारदीय नवरात्रात तुळजापूर भाविकांनी फुलून जातं. तिथल्या शाखेत एरवीच्या अंदाजाने कनेक्शनच्या संख्येची मर्यादा घातली, तर घटस्थापनेपासून मोबाइल वाजत राहील, आणि तिसऱ्या माळेला कुणीतरी तो सायलेंटवर टाकेल. प्रोसेसर एकदा 90 टक्क्यांवर गेला म्हणून ओरडू नये. सलग तीन विचारणांत तसाच दिसला तर ओरडावं. जोडीने लावलेल्या फायरवॉलमध्ये दोघांना वेगवेगळं विचारावं. एक बंद पडला की दुसरा निमूटपणे काम उचलतो, शाखा चालू राहते, आणि बिघाड कळतो तो दुसराही बसल्यावर.

केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या, म्हणजे सर्ट-इनच्या, 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार ठरावीक सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवाव्या लागतात, नोंदी 180 दिवस ठेवाव्या लागतात, आणि यंत्रांची घड्याळं एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवावी लागतात. डब्याचं घड्याळ दहा मिनिटं मागे असेल, तर कोण आधी आलं आणि काय नंतर झालं हे जुळवण्यातच सहातले दोन तास जातील.

सगळं लावून झालं की कामकाज संपल्यावर मुद्दाम केबल उपसावी, यूपीएसचा मेन स्विच पाडावा आणि निरोप कुणाच्या मोबाइलवर वाजतो ते पाहावं. पुष्कळदा तो वाजतो दोन वर्षांपूर्वी बदली होऊन गेलेल्या माणसाच्या खिशात.